स्टोअरमधील एक कर्मचारी

ऑडिटवाल्याकडे किस्से फार साठतात. जे रिपोर्टात लिहिता येत नाही ते सगळं तोंडात उरतं, आणि रिटायर झाल्यावर दिसेल त्याला सांगत सुटतो आपण. मी जळगावात एका सीए साहेबांकडे ऑडिट असिस्टंट होतो. ऐंशीचं दशक संपत आलेलं. बाकी कंपन्यांचे किस्से सोडा, एकाच कंपनीचे सांगतो. सरकीचं तेल काढणारी कंपनी, मिल जळगावला आणि मोठं गोडाऊन धुळ्याला. लोक ऐकून हसतात. मलाही हसू यायचं, पण हे किस्से एका म्हाताऱ्याच्या नोकरीपाशी जाऊन थांबतात, म्हणून हल्ली सांगताना मजा येत नाही.

*

तर पहिला. कंपनीचे धुळ्याचे अकाउंटंट म्हणजे अण्णासाहेब. आमच्या सरांचे सख्खे साडू. त्यांनी हिशेब लिहायचे आणि आम्ही ते तपासायचे.

मी एकदा धीर करून सरांना म्हटलं, "सर, ऑडिटर स्वतंत्र असावा म्हणतात. लोक काय म्हणतील?"

सर चिडले नाहीत. सर कधीच चिडत नसत. त्यांनी कपाटातून कंपनी कायद्याचं पुस्तक काढलं, मागच्या पानांत नातेवाइकांची यादी होती ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "वाच. बाप आहे, भाऊ आहे, मेहुणा आहे. साडू कुठं दिसतो का?"

मी दोनदा वाचली. साडू खरंच नव्हता.

*

धुळ्याला आम्ही वर्षातून दोनदा सरप्राइज व्हिजिट करायचो. अचानक जायचं, गोडाऊन उघडायला लावायचं, माल मोजायचा. पहिल्या वेळी मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं कुठं चाललोय ते. पहाटेची एसटी धरली, धुळ्याला उतरलो तर स्टँडवर कंपनीची जीप उभी. ड्रायव्हरनं माझी बॅग घेतली आणि म्हणाला, "साहेब, लेट झाली का गाडी?"

गोडाऊनच्या फाटकाशी फळा होता. त्यावर खडूनं सुंदर अक्षरात लिहिलेलं: "आज सरप्राइज व्हिजिट. सर्वांनी वेळेवर हजर राहावे."

अण्णासाहेबांना विचारलं तर म्हणाले, "माणसं रजेवर असली तर तुमचीच पंचाईत नको व्हायला." नंतर कळलं की आमच्या ऑफिसातूनच आठ दिवस आधी पत्र जायचं. कागद तयार ठेवा म्हणून.

*

गोडाऊनला दोन कुलपं होती. एकाची चावी अण्णासाहेबांकडे, दुसऱ्याची स्टोअरकीपरकडे. म्हणजे दोघं असल्याशिवाय दार उघडायला नको. इंटर्नल कंट्रोल म्हणतात त्याला. ही व्यवस्था आमच्याच सरांनी सुचवलेली आणि रिपोर्टात दरवर्षी तिचं कौतुक छापून यायचं.

स्टोअरकीपर म्हणजे नाना. अठ्ठावन्नच्या आसपासचे, शिरपूरकडचे, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नसत. मी म्हटलं, "नाना, चाव्या दाखवा." त्यांनी टेबलामागच्या भिंतीकडे बोट केलं. एकाच खिळ्याला दोन्ही चाव्या, वर एकाच सुतळीत बांधलेल्या.

अण्णासाहेब शनिवारी दुपारी पाचोऱ्याला घरी जात. ते म्हणाले, "मी नसताना माल काढायचा झाला तर अडायला नको. आणि वेगळ्या ठेवल्या की हरवतात हो."

मी ते वहीत टिपलं. सरांनी वाचलं, आणि रिपोर्टात आलं ते असं: "चाव्या सुरक्षित ठिकाणी एकत्र ठेवण्यात येतात."

*

आता हा किस्सा मी लग्नकार्यात सांगतो, हमखास चालतो. सोमवारी जळगावच्या मिलमध्ये सरकीच्या गोण्या मोजल्या. मोजलेल्या प्रत्येक गोणीवर निळ्या खडूनं टिक करायची माझी सवय. बुधवारी धुळ्याला गेलो. गोडाऊन छतापर्यंत भरलेलं. मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच थप्पीला हात थांबला. गोणीवर निळी टिक. शेजारच्या गोणीवरही. माझीच टिक, शेपटी जरा लांब येते माझी.

अण्णासाहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

"तुमचा वेळ वाचावा म्हणून टिक केलेल्याच मागवल्या," म्हणाले.

लोक इथं पोट धरून हसतात. मला त्या दिवशी रडू यायचं बाकी होतं. मी नऊ वर्षं मोजत होतो, आणि नऊ वर्षं काय मोजत होतो कुणास ठाऊक.

*

त्या दिवशी अण्णासाहेब जेवायला गेले. मी थप्पीपाशी तसाच बसलेलो. नाना चहा घेऊन आले, शेजारी टेकले.

मी म्हटलं, "नाना, खरं सांगा. सगळा माल आहे का?"

"बठ्ठा माल शे, भाऊ," ते म्हणाले. "कागदवर शे."

मग हळूहळू सगळं सांगितलं. शनिवारी अण्णासाहेब गावाला गेले की ट्रक येतो. नाना दोन्ही कुलपं उघडतात, कारण तसा हुकूम असतो. बिल होत नाही, गेटच्या वहीत नोंद होत नाही. चार वर्षं चाललंय.

"मन्हं नाव लेऊ नको," नाना म्हणाले. "दोन वरीस राह्यनात. खोली बी कंपनीनी शे." रिटायर व्हायला दोनच वर्षं उरलेली, नोकरी गेली तर खोलीही जाणार होती, आणि घरात बायको अंथरुणाला खिळलेली.

मी शब्द दिला. नाव येणार नाही म्हटलं, आणि तसं ठरवलंही होतं मनापासून.

*

ऑफिसात येऊन मी नोट लिहिली. फार विचार करून, एकेक शब्द तोलून लिहिली. नानांचं नाव कुठंही नाही. "स्टोअरमधील एका कर्मचाऱ्याने दिलेल्या माहितीनुसार" असं लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. आमच्या धंद्यात असंच लिहितात.

सरांनी या वेळी मात्र कागद दाबला नाही. बँकेचं कर्ज त्या मालावर होतं, तेव्हा स्वतःची मान अडकेल हे त्यांना कळलं असणार. माझं वाक्य जसंच्या तसं टाइप करून डायरेक्टरांना पाठवलं. पत्र पोस्टात पडल्यावर ऑफिसातल्या टायपिस्ट बाई मला सहज म्हणाल्या, "धुळ्याच्या स्टोअरमध्ये किती माणसं आहेत हो?"

एकच होता. गाढवपणा तो गाढवपणाच, त्याला दुसरं नाव नाही.

*

डायरेक्टरांची मीटिंग झाली. माल कुठं गेला यावर चहा होईपर्यंत चर्चा झाली म्हणे. मग ठराव झाला की कंपनीची गुप्त माहिती बाहेर कुणी दिली याची चौकशी व्हावी. कुणी दिली ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण माणूस काढायला कागद लागतो, लेखी जबाब लागतो. चौकशी निःपक्षपाती व्हावी म्हणून ती आमच्याच ऑफिसला दिली.

सर म्हणाले, "आपण बाहेरचे, स्वतंत्र आहोत म्हणून आपल्याला दिलीय. तू जा. तुला ते ओळखतात."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

*

गोडाऊनच्या टेबलावर समोरासमोर बसलो. छापील फॉर्म होता. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं भरली. खाली प्रश्न: "सदर माहिती आपण कोणास दिली?"

मी वर बघितलं नाही. मी स्वतःच्या हातानं लिहिलं: "मी कोणालाही काहीही सांगितलेले नाही." फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "नाना, सही करा. विषय संपला."

नानांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं.

"हाई खोटं शे," ते म्हणाले.

"असू द्या, नाना. तुमची नोकरी राहील."

"मंग तुन्हा रिपोर्ट खोटा पडी. अन् ट्रक चालूच राही."

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतला. माझी ओळ एका रेघेनं खोडली. खोडलं की शेजारी सही लागते, तीही केली. मग खाली वाकड्या अक्षरात लिहिलं: "ऑडिटवाला भाऊले मीच सांगं. खरं सांगं." त्याखाली पूर्ण सही.

फॉर्मच्या तळाशी साक्षीदाराची जागा रिकामी होती. नानांनी फॉर्म फिरवून माझ्यापुढे ठेवला आणि पेन दिला.

"आते तू कर," म्हणाले.