माझ्या वजनाची होडी

दिवाळीनंतर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पलीकडचं रान मला वाट्यानं द्या. होडी काय तुमच्यानं व्हायची न्हाई."

धरणाचं पाणी चढल्यापासून आमचं तीन एकर रान पलीकडं राहिलंय. रस्त्यानं जायचं तर दिवस मोडतो. हे होते तोवर रोज वल्हवत जायचे. ते अंगानं काटकुळे, होडीही तशीच अरुंद. ते गेल्यावर मी तिच्यात एकदा बसले, तर काठ पाण्याला टेकायला आला. पोहायला मला येतं. माहेरच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकले. रान सोडायचं नव्हतं, म्हणून दिरांना पंधरा दिवस थांबायला सांगितलं आणि होडी बघायला निघाले.

राहुरीहून सकाळची एस.टी. धरली की श्रीरामपूर दीड तासात येतं. तिथं माझा मुक्काम मार्थाबाईंकडे. त्या शाळेत शिकवतात, आधी आमच्याच गावात होत्या. त्यांच्या जुन्या मासिकांवरच मी लग्नानंतर वाचायला शिकले. होडी करणाऱ्या गणपतमामांनी निरोप धाडला होता, वजन अंदाजानं सांगू नका. म्हणून आम्ही बाजारात धान्याच्या काट्यावर गेलो.

"मावशी, हलू नका. पोतं असं हलत न्हाई," हमाल म्हणाला.

"पोतं उलट उत्तरही देत नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "हिच्याशी जपून बोल."

शहाण्णव किलो भरले.

दुसऱ्या दिवशी नेवाशाला गाडी बदलून आम्ही दोघी प्रवरासंगमला उतरलो. स्टँडजवळ पिठलं-भाकरी चांगली मिळते, पण बाराच्या आत गाठावी. गणपतमामा घाटाखाली आंब्याच्या फळ्यांना डांबर लावत होते. तयार होड्या दोन होत्या, एक अरुंद, खोल आणि एक रुंद, उथळ.

मामांची रीत ठरलेली. गिऱ्हाइकाच्या वजनाची ओली वाळू पोत्यांत भरून होडीत ठेवायची आणि काठ पाण्यावर किती उरतो ते बोटांनी मोजायचं. अरुंद होडीत शहाण्णव किलो वाळू ठेवली. वीतभर काठ उरला.

"हीच न्या. पळायलाबी हलकी हाय," मामा म्हणाले.

मलाही तीच आवडली, यांच्या होडीसारखी होती. पैसे काढणार होते, तेवढ्यात मार्थाबाई म्हणाल्या, "आधी बसून तर बघ."

पोती काढून मी फळीवर बसले, वल्हं हातात घेतलं, आणि होडी अशी कलली की मांडीपर्यंत पाणी आत. मामांनी धरली म्हणून वाचले.

मामांनी काठावरचं एक पोतं पायानं ढकलून बघितलं. "वाळू तळाला पडून ऱ्हाती. तुमी फळीवर, उंच. हे ध्यानातच न्हाई आलं बघा."

मग रुंद होडी. ती डगमगली नाही, पण फळी उंच आणि काठ लांब, त्यामुळं वल्हं पाण्यापर्यंत पोचत नव्हतं. मामांनी बसायची फळी चार बोटं खाली घेतली, वल्ही हातभर लांब केली. संध्याकाळी मी एकटीनं पलीकडचा काठ गाठला, वळवली, परत आले. अंगानं भरलेल्यांनी एवढंच करावं: नुसत्या वजनावर जाऊ नये, बसून, वळवून बघावं.

होडी कांद्याच्या रिकाम्या ट्रकमधून घरी आली. दीर बघायला आले.

"ह्याच्यात म्हैस बसंल की, वहिनी."

"बसेल. पण आधी मी बसते."

पलीकडं जाऊन आले, तेव्हा ते काठावरच उभे होते. वाट्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

यांची होडी मोडून सरपण करायचं मनात होतं. मग वाळूची ती पोती आठवली. आता खताची गोणी, बियाणं तिच्यात तळाला ठेवते आणि दोरीनं माझ्या होडीमागं बांधते. गोण्या घेऊन ती अगदी सरळ चालते. वल्हवणाऱ्याचं तोंड मागं असतं, त्यामुळं जाताना सगळी वाट ती मला समोर दिसत राहते.