पोटावरून सुटलेला प्रोब

“मशीन ओके आहे एवढंच लिहा, मॅडम. बाकीचं आम्ही बघतो.”

परळच्या एका हॉस्पिटलचे सुपरिटेंडंट मला माझा रिपोर्ट सांगत होते. मी तिथली बायोमेडिकल इंजिनीअर, म्हणजे तिथली मशीनं तपासणारी. ‘बाकीचं’ म्हणजे सावंत सिस्टर. लालबागच्या. नवजात बाळांच्या आयसीयूत बावीस वर्षं.

आदल्या दुपारी इन्क्युबेटरमधलं दीड किलोचं बाळ तापलं होतं. सिस्टरनी वेळेत पाहिलं, हीटर बंद केला, बाळ वाचलं. आणि ‘निष्काळजीपणा’चा मेमो त्यांनाच!

इन्क्युबेटर म्हणजे ऊबदार, पारदर्शक पेटी. बाळाच्या पोटावर मण्याएवढा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, स्टिकरने चिकटवतात. बाळ गार पडलं की हीटर वाढतो, गरम झालं की कमी होतो. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. निगेटिव्ह म्हणजे वाईट नव्हे. बदल जिकडे चाललाय त्याच्या उलट ढकलायचं. टाकी भरली की फ्लोट वर येऊन पाणी बंद करतो, तसंच.

मशीन खरंच ठीक होतं. मग मी एक नवा स्टिकर मनगटावर दाबला. लगेच गळून पडला. गोंद वाळलेला.

“तीनदा लिवलंय मॅडम रजिस्टरात,” सिस्टर म्हणाल्या. “बाळाला चिकटतच नाय तो. आणखी काय करायचं होतं मी?”

रजिस्टर उघडलं. तीन नोंदी. प्रत्येकीखाली ‘पाहिले’ आणि सुपरिटेंडंटची सही.

माझं डोकंच फिरलं. सुपरिटेंडंटना वॉर्डात बोलावलं, रिकाम्या इन्क्युबेटरचा प्रोब त्यांच्या मुठीत दिला. हीटर मंदावला.

“आता सोडा.”

प्रोब गादीवर पडला. हीटरचे दिवे भराभर चढले.

“अहो, हा वाढतोय कशाला? आत तर कोणी नाही!”

“त्याला काय माहीत? प्रोबला गार हवा लागली, त्याने बाळ गारठलंय समजून तापवायला घेतलं. कालही स्टिकर सुटून हेच झालं. मशीन ओके होतं, सिस्टरही ओके होत्या. हे सगळं मी रिपोर्टमध्ये लिहिणार आहे. तुमच्या तीन सह्यांसकट.”

संध्याकाळपर्यंत नवे स्टिकर आले. दोन दिवसांनी मेमो मागे घेतला, तोही तोंडी. माफी कोणीच मागितली नाही. बाळ महिन्याभराने आईच्या कुशीतून नायगावला घरी गेलं.

ज्युनिअर्सना मी एवढंच सांगते: पारा चढला की आधी प्रोब बघा, मग रजिस्टर. माणसावर ठपका ठेवायचाच असेल तर तो त्यानंतर.