भर दुपारी लागलेला लाइट

शेलूबाजारजवळची ती केस निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. त्या वेळी मी त्या भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. खून नाही, दरोडा नाही, साधा मोटारसायकलचा अपघात. पण एका भल्या माणसाची अब्रू पणाला लागली होती आणि ती वाचली एका मोटारसायकलच्या हेडलाइटमुळे. तोही भर दुपारी लागलेल्या.

हिवाळ्याचे दिवस होते. दुपारी रुग्णालयाचा मेमो आला, की रस्त्याच्या कडेच्या तुरीत बेशुद्ध सापडलेला एक मोटारसायकलस्वार दाखल झाला आहे. पंचायत समितीत शिपाई असलेला हा माणूस मंगरूळपीरकडून शेलूबाजारकडे येत होता. त्याला आणणारा होता शेलूबाजारच्या स्टँडवरचा एक जीपवाला. जखमीला अकोल्याला हलवलं आणि आम्ही अज्ञात वाहनावर गुन्हा नोंदवला.

संध्याकाळच्या आतच ठाण्यात फोन खणखणला. नाव न सांगता एक जण म्हणाला, "साहेब, अज्ञात कायले शोधता? ज्यानं दवाखान्यात नेलं, त्यानंच उडवला."

जीप आणून पाहिली. पुढचा बंपर डाव्या बाजूला दबलेला होता. जखमीची बायको ठाण्यात आली आणि सगळ्यांदेखत तिनं जीपवाल्याची कॉलर धरली. "माह्या माणसाले तूच मारलं! मारलं नसतं तं तुरीत पडलेला माणूस तुले दिसला कसा?"

प्रश्न बिनतोड होता. तूर डोक्याएवढी वाढलेली. त्या रस्त्यानं एसटी गेली, ट्रक गेले, कोणाला काही दिसलं नाही. मदत करणाऱ्याला पोलिसांनी खेटे घालायला लावू नयेत असा नियम आहे, पण तक्रारीतच नाव आलं की तो मदत करणारा राहत नाही, संशयित होतो. मी जीप जमा केली.

जीपवाला पन्नाशीतला, बोलायला सरळ. बंपर आधीपासूनच दबलेला होता म्हणे; बाकी चौकशीत त्याचं एकच पालुपद.

"साहेब, मले लाइट दिसला."

"भर दुपारी?"

"हो ना. समोरून मोटारसायकल येऊन राह्यली होती, लाइट लागेल होता. म्या म्हटलं, जवळ आला की बोटं करू. तेवढ्यात त्याच्या मांगून पिकअप आला, त्याच्या आड लाइट झाकला. पिकअप माह्या बाजूनं गेला, पण मोटारसायकल आलीच नाही. मधात ना फाटा, ना पांदण. मंग गेली कुठं? म्हून उतरलो."

आमच्याकडची ही रीत वाचकांना ठाऊक असेलच. दिवसा कोणाच्या गाडीचा लाइट लागलेला दिसला, की समोरचा हात वर करून बोटांची उघडझाप करतो. अर्थ एकच, बाबा रे, लाइट बंद कर. ओळख ना पाळख, पण दुसऱ्याचा लाइट जळताना आपल्या माणसाला पाहवत नाही.

माझा हवालदार हसला. "पंचनाम्यात तर लाइट बंद आहे, साहेब."

"चावी म्या बंद केली," जीपवाला म्हणाला. "पेट्रोल गळून राह्यलं होतं."

मी आवारात जाऊन मोटारसायकल पाहिली. जुनी गाडी, लाइटचं बटण असलेली, आणि बटण चालूवर होतं. पण नुसतं बटण कोर्टात साक्ष देत नाही, ते नंतर कोणीही फिरवलेलं असू शकतं. जखमी शुद्धीवर नव्हता. लाइट खरंच लागलेला होता हे सांगणारा कोणीतरी हवा होता.

अपघात पाहिला का, असं रस्त्यावर विचारलं की माणसं आकाशाकडे पाहायला लागतात. कोर्टाची पायरी कोणाला हवी? म्हणून मी वेगळं विचारलं. "परवा दुपारी दिवसा लाइट लागलेल्या मोटारसायकलला कोणी हात केला का?" दिवसभरात शेकडो गाड्या जातात, त्या कोण लक्षात ठेवतो? पण आपण चांगलं सांगितलं आणि समोरच्यानं ऐकलं नाही, हे माणूस सहसा विसरत नाही.

पंक्चरवाला नाही म्हणाला, चहावाला नाही म्हणाला. फाट्यावर संत्री विकणारी बाई मात्र तावातावानं उठली.

"म्या केला ना हात! दोन्ही हातानं केला. पाह्यलं त्यानं, अन् तसाच गेला. त्याच्या मांगं एक पिकअप, असा सुसाट! निळी ताडपत्री सुटेल होती, दोर लोंबून राह्यला होता. म्या म्हटलं, आज सारेच बहिरे झाले का काय?"

तिथंच केस फिरली. निळ्या ताडपत्रीचा तो पिकअप दुसऱ्या दिवशी बाजार समितीच्या आवारात उभा सापडला. दोर अर्धा तुटलेला, आणि उरलेला अर्धा मोटारसायकलच्या हँडलमध्ये अडकलेला होता. आम्ही तो पंचनाम्यात 'सुतळीसारखी वस्तू' म्हणून लिहून मोकळे झालो होतो.

पिकअपवाल्याला ठाण्यात आणलं. मी त्याला दोराचे दोन्ही तुकडे दाखवले. तो खाली पाहत म्हणाला, "आरशात त्याचा लाइट दिसून राह्यला होता, साहेब. मंग दिसलाच नाही. समजलं मले, दोरानं त्याले वढलं. भेव वाटलं, नाही थांबलो."

दोघांना एकच गोष्ट दिसली होती, लाइट नाहीसा झाल्याची. एक पळाला आणि एक थांबला.

काही दिवसांनी जखमी बोलू लागला. दिवसा लाइट का लावला होता, असं मी विचारलं. कशीबशी मान हलवत तो म्हणाला, "सकाळी धुकं होतं, बंद कराचा राहूनच गेला. लोकं हात करून राह्यले होते, मले वाटलं पुढं पोलीस उभे हायत. म्हून हळू चालवत होतो." आमच्या खात्याच्या धाकानं एखाद्याचा जीव वाचल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टर म्हणाले, वेग जास्त असता किंवा आणायला उशीर झाला असता, तर हाती काही लागलं नसतं.

आता नव्या गाड्यांना लाइटचं बटणच नसतं. तरी आमच्याकडचे बहाद्दर मेकॅनिककडून बटण बसवून घेतात. का, तर बॅटरी उतरते आणि लोक हात करतात. मला कोणी विचारलं तर मी सांगतो, राहू दे चालू. दिवसा तो लाइट तुला रस्ता दिसावा म्हणून नसतो, तू दुसऱ्याला दिसावास म्हणून असतो. आणि हात करणाऱ्यांवर चिडू नकोस. त्यांच्यासारखी फुकटची काळजी करणारी माणसं होती म्हणून मला साक्षीदार मिळाला. तपास पोलीस करतात हे खरं, पण तो तडीस जातो तो अशा लोकांच्या जिवावर. त्या सगळ्यांचे उपकार मी मानतो.

कोर्टाच्या हुकुमानं जीप सुटली, पण स्टँडवर तिच्यात कोणी बसेना. 'माणूस उडवणारी जीप' हे नाव पडलं ते पडलंच. पोलिसांचा कागद लोकांच्या तोंडाला कुलूप लावत नाही. बाजाराच्या दिवशी बंदोबस्ताला गेलो, तर बाकीच्या जीपा भरून निघत होत्या आणि हा जीपवाला बोनेटला टेकून उभा होता.

तेवढ्यात जखमीची बायको गर्दीतून आली. मला म्हणाली, "जय भीम, साहेब," आणि थेट त्या जीपजवळ गेली. सारा स्टँड वळून पाहू लागला. तिनं पुढचं दार उघडलं, पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चाल भाऊ, मले मंगरूळले सोड. अन् तुमी काहून उभे हा? बसा ना, जागा हाय."

जीपवाला हलला नाही. डोळे पुसत होता. मागे दोन म्हाताऱ्या चढल्या, मग एक जोडपं, मग आणखी कोणी. जीप भरली, तेव्हा कुठं त्याला चावी फिरवायचं भान आलं.