दारावर शून्य नको

मोहिनी त्या घरात नांदायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या तोंडून निघून गेलं, "आत्या, पीठ संपलं." झालं! सासूनं, कौशल्याबाईंनी, तिला डब्यापाशी उभं करून सांगितलं, "आपल्यात संपलं म्हणत न्हाईत बाई. वाढलं म्हणावं. घरातली लक्ष्मी ऐकत असती." तेव्हापासून त्या घरात तेल वाढायचं, मीठ वाढायचं, आणि मोहिनी मुकाट पिशवी घेऊन दुकानाकडं निघायची.

घर घोंगड्या विणणाऱ्यांचं, नरसी नामदेवच्या जवळ. सासरे मुंजाजी मागावर बसायचे, कौशल्याबाई लोकर कातायच्या, नवरा अंगद मेंढरं राखून बाजार करायचा. गिऱ्हाईक यायचं, लांबी-रुंदी सांगायचं, काळी की पांढरी ते सांगायचं. मुंजाजी म्हणायचे, "अमक्या सणाला घेऊन जा." त्या सणाला घोंगडी विणून, चिंचोक्याची खळ लावून, वाळून तयार. तयार माल घरात कधीच पडून नसायचा. पण मुंजाजीचा वायदा चुकला, असं कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. म्हाताऱ्याची सगळी मिजास तेवढ्यावरच होती.

वेबसाइटची कल्पना मोहिनीची. हिंगोलीला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली बाई ती. तिनं दोन प्लॅटफॉर्म पाहिले. एक मोकळा होता. पानं हवी तशी मांडा, गिऱ्हाइकाला काय विचारायचं ते तुम्ही ठरवा, मुदत तुमच्या शब्दांत लिहा. पण तो शिकायला वेळ लागणार होता. दुसरा तयार साच्याचा. फोटो टाका, भाव टाका, शिल्लक नग टाका, उघडलं दुकान. त्यात स्वतःची एक ओळ घालता येत नव्हती. मोहिनीचं मन पहिल्यावर होतं. पण अंगद! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. "थंडी तोंडावर आली अन् तू भिजत घोंगडं ठेवून राहिली," म्हणाला. घोंगडीवाल्याच्या सुनेला हा टोमणा लागायचाच. तिनं साचा घेतला.

नगांच्या चौकटीपाशी गाडी अडली. चौकट रिकामी ठेवली तर साचा पुढं जाऊ देईना. खरा आकडा शून्य. तो टाकला तर फोटोवर लाल अक्षरं उमटली. मोहिनीनं ती वाचून दाखवली, "माल संपला." कौशल्याबाईंचा चेहरा उतरला.

"दुकानाच्या दारावर हे लावतीस? दारावर शून्य नको. काढ आधी."

"मग किती लिहू, आत्या?"

"एकवीस लिव. देवाचा आकडा हाय."

मोहिनीला खटकलं. पण सासूपुढं कोण बोलणार? भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

थंडी पडली आणि बघता बघता एकवीसही घोंगड्या विकल्या गेल्या. साचा ज्याला त्याला परस्पर सांगत होता, आठवड्यात घरपोच. मुंजाजीच्या मागावरून आठवड्यात एकच घोंगडी उतरायची. मोहिनी रडकुंडीला आली.

"मामा, लोकांना न्हाई म्हणून कळवते. पैसे वापस करू."

"आपल्या दारावर लिवलंय ना? मग शब्द दिला आपण."

"शब्द तुमी दिला न्हाई, मामा. मी दिला."

म्हातारा ऐकेना. अंधार पडेस्तोवर मागावरून उठेना. उजवा खांदा सुजला, हात कोपरापासून थरथरू लागला. मोहिनी खांदा शेकायची आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायची.

एक दिवस वसमतचा रामप्रसाद स्वतःच दारात आला. त्याची घोंगडी अर्धी मागावरच होती. अंगद गडबडीनं म्हणाला, "चार दिवसांत देतो, दादा."

"आता नको," तो म्हणाला. "बाबा परवा गेले. जन्मभर मेंढरामागं फिरलेला माणूस. शेवटी घोंगडीच मागून राहिले होते. रोज विचारायचे, आली का? मी म्हणायचो, उद्या येती." त्याचा आवाज जराही चढला नाही. "तुमच्याकडं घोंगड्या शिल्लक दिसत होत्या. संपली म्हणून लिवलं असतं, तर मी दुसरीकडून आणली असती."

मुंजाजी मागावरून उठले आणि हात जोडायला गेले. डावा हात वर आला, उजवा आलाच नाही. रामप्रसादनं तोच डावा हात धरला, जरा वेळ धरून ठेवला आणि चहा न घेता निघून गेला.

मोहिनीनं त्याच दुपारी जुनं दुकान बंद केलं, राहिलेल्या सगळ्यांना फोन करून माफी मागितली. मग तो मोकळा प्लॅटफॉर्म शिकायला बसली. पान तयार झालं तेव्हा तिनं सासूला शेजारी बसवलं.

"आत्या, इथं आपले शब्द चालतात. 'वाढलं' लिहू का?"

कौशल्याबाई मागावरच्या अर्ध्या घोंगडीकडं बघत राहिल्या. "न्हाई," त्या म्हणाल्या. "संपलं लिव. मोठ्या अक्षरात लिव."

मग त्या उठल्या आणि मुंजाजीच्या खांद्याला लावायला तेल कोमट करू लागल्या.