टाक्यांचं गाव

सुपेल्यातल्या माझ्या घरी, वरच्या खोलीत एक सोमाली मुलगी भाड्यानं राहायची. सिव्हिल इंजिनिअरिंगले होती, हिंदी फाडफाड बोलायची. तिचं गाव इथिओपियात, सगळी वस्ती सोमाली. आपल्या गावाचा भूगोल-इतिहास नकाशासकट लिहून द्या, असा प्रोजेक्ट तिले मिळाला. नेटवर पाहिलं तर गावाचा एक ठिपका, बस. सरांनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत झालं नाही तर नापास, वर्ष गेलं.

मले रागच आला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला मी. म्हटलं, "कावून नापास होशील? बस इथं. तुझं गाव कागदावर आणल्याबिगर आपण उठत नाही."

ती सांगत गेली, मी काढत गेली. कोरडी नदी, ट्रकचा रस्ता, उंटांचा बाजार, आणि जागोजागी पावसाचं पाणी साठवायले जमिनीत खोदलेली टाकी. माझा जन्म नंदिनी नगरच्या खाणीच्या क्वार्टरात, सासर पोलाद कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर दहात. आमाले नंबराबिगर पत्ताच समजत नाही. मी आपल्या सरळ रेघा मारून गावाचे सेक्टर पाडले. एक, दोन, तीन. छान दिसून राहिलं होतं.

तिनं माझी पेन्सिल थांबवली. मग सेक्टर तीनवर बोट ठेवून म्हणाली, "आंटी, इथं माझे बाबा आहेत."

म्हणजे त्यांनी खोदलेलं टाकं. तिकडं आधी टाकं होतं, मग त्याच्याभोवती घरं. वस्तीले नाव टाकं खोदणाऱ्याचंच. कोणतं आधी, कोणतं नंतर, हाच गावाचा इतिहास, आणि तो पोरासोराले तोंडपाठ. तिचे बाबा आता राहिले नव्हते. आणि मी त्यांच्या नावावर तीनचा आकडा मारून मोकळी झाली होती. लाज वाटली मले. शीट फाडली, नवी अंथरली, म्हटलं, बोल, पहिलं टाकं कोणाचं?

सोमवारी मीही कॉलेजात गेली. सरांनी विचारलं, याले पुरावा काय? तिनं गावी आईले फोन लावला, स्पीकर चालू केला. आई पहिल्या टाक्यापासून एकेक नाव घेत गेली, सर नकाशावर बोट फिरवत गेले. एकही नाव मागंपुढं झालं नाही. सरांनी सही केली.

परतताना ऑटोत तिनं सहज विचारलं, "आंटी, तुमच्या नंदिनीत पहिली विहीर कोणी खोदली?"

मले माहीत नव्हतं. वडिलांच्या क्वार्टरचा नंबर तेवढा पाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरी शीट गुंडाळून घेतली आणि मी नंदिनीची बस पकडली.