टाकीच्या तोंडाशी

रसायनांच्या जहाजांवर सव्वीस वर्षं खलाशांचे म्होरके असलेले सारंग सुरक्षेच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. टाकीत माणूस पडलेला दिसला की ते तसेच खाली धावत. “विषारी वायूत असे उतरलात, तर दोन मढी काढावी लागतील,” परीक्षा घेणारे मास्तर बजावायचे. आज तिसऱ्या परीक्षेतही चुकलं, तर नोकरी संपली.

आज तळाशी जखमीचं सोंग घेऊन त्यांचा मेहुणाच पडून ओरडत होता. “दाजी, या की लवकर.”

सारंगांचा पाय शिडीवर गेला आणि मागे आला. त्यांनी भोंगा वाजवला, वायुमापक खाली सोडला, हवेचा सिलिंडर पाठीवर चढवला. तेवढ्यात मेहुणा गप्प झाला. तरी त्यांनी मुखवटा नीट आवळला आणि मगच उतरून त्याला वर आणलं.

“पास,” मास्तर म्हणाले.

“गप्प का झालास रे?” सारंगांनी मेहुण्याला विचारलं.

“बेशुद्ध माणूस बोलतो होय, दाजी?”

सारंगांनी त्याला एक रट्टा घातला. मग तरीही त्याची नाडी तपासून पाहिली.