ओल्या भिंतीला रंग नाही

रंगारीबुवा आधी भिंतीला तळहात लावीत आणि मगच ब्रशला. हाताला ओल लागली, की रंगाचा डबा उघडायचा नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. बुरशीवर रंग देणे म्हणजे मळक्या अंगावर इस्त्रीचा सदरा चढवणे, असे ते गिऱ्हाइकाला तोंडावर ऐकवीत. त्यापायी कित्येक कामे हातची गेली; त्याची त्यांना खंत नव्हती.

धाकट्या बहिणीच्या घरी मात्र हा शिरस्ता अडचणीत आला. रविवारी तिची सून तीन आठवड्यांचे बाळ घेऊन येणार होती आणि त्या दोघांच्या खोलीत कपाटामागे काळे ठिपके उमटले होते. कुबट वास तर दारातच स्वागताला उभा. दोन हात पांढरा मारून द्या, एवढेच बहिणीचे मागणे. अशा हवेत तान्ह्याची छाती भरेल, असे सांगून बुवांनी नकार दिला. परक्यांची घरे रंगवता, बहिणीच्या घरीच तुमची तत्त्वे आडवी येतात, असे सुनावून तिने चहाचा कप जरा आपटूनच ठेवला.

बुवांनी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवला. दोन दिवसांनी पाहतात तो आतली बाजू कोरडी, खोलीकडच्या बाजूवर मात्र दव. म्हणजे पाणी भिंतीतून झिरपत नव्हते. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांची वाफच खोलीत कोंडत होती.

“अगं, मग खिडकी उघडत जा ना.”

“उघडते कुठे, दादा? तीन वर्षांपूर्वी ती कोणी रंगवली, आठवा जरा. खरवडली असती, तर तुम्हीच रुसला असता.”

बुवांनी झडप ओढली. झडप आणि चौकट यांमधल्या फटीत त्यांच्याच हातचा तैलरंग इतका सुबक सुकला होता, की दोन्ही एकाच लाकडाच्या वाटाव्यात. रंग खरवडायची पातळ लोखंडी पट्टी काढून त्यांनी फटीतला रंग कापत आणला. झडप कडकन सुटली आणि वारा आत शिरला. मग त्यांनी नाकातोंडाला फडके बांधले, साबणाच्या पाण्याने बुरशी पुसली आणि कपाट वीतभर पुढे ओढले. कपड्यांची दोरी गच्चीवर गेली.

रविवारी सून आली, तेव्हा भिंत बिनरंगाचीच होती, पण कोरडी पडू लागली होती. वासही गेला होता. बाळ उघड्या खिडकीच्या खोलीत दुपारभर निवांत झोपले.

सोमवारी पट्टी खिशात घालून बुवा बाहेर पडले. आजवर रंगवलेली प्रत्येक खिडकी त्यांना स्वतःच्या हाताने उघडून पाहायची होती. संध्याकाळपर्यंत आणखी दोन सापडल्या.